भोईरमामांची डोळे मिटून तपासणी

नव्या इमारतीत शिरताना कुणी चपला काढतं, कुणी हात जोडतं. भोईरमामा डोळे मिटतात. चांगले धडधाकट डोळे घट्ट मिटून, एक हात पुढे धरून ते आत शिरतात आणि जिथे डोकं आपटेल तिथे खिशातल्या खडूने फुली मारतात. कर्जतला एका बँकेच्या काचेच्या दारावर त्यांनी अशी फुली मारली, तेव्हा मॅनेजरने शिपायाला हाक मारली. मामांनी त्या शिपायालाच डोळे मिटून चालायला लावलं. मग दोन फुल्या झाल्या.

मामा एसटीतले निवृत्त कंडक्टर. ‘मागचा चढल्याबिगर बेल नाय’ हे त्यांचं पालुपद. ते लग्नाच्या पंगतीतही ऐकवतात, त्यामुळे त्यांना पंगतीत शेजारी बसवून घ्यायला कुणी उत्सुक नसतं.

मी चौक गावाजवळच्या एका माहिती केंद्राचा व्यवस्थापक. डोंगरातल्या वाड्यांचं जगणं पाहुण्यांना कळावं म्हणून ते उभं राहिलं. टोपल्या, बियाणं, मासे धरायच्या वस्तू हाताळता येतील असं एक लांब टेबल, आणि बटण दाबलं की ठाकुरवाडीच्या बायकांची गाणी. दारावर मोठ्या अक्षरांत ‘सर्वांसाठी’ लिहिलंय. ते लिहिणं सर्वांत सोपं होतं.

बांधकाम चालू असताना मामा न बोलावता रोज हजर. न दिसणाऱ्यांना पायाने वाट कळावी म्हणून फाटकापासून टेबलापर्यंत उंचवट्याच्या पिवळ्या लाद्या बसवायच्या होत्या. नकाशा मुंबईत बसून काढलेला. त्यात आवारातला आंबा नव्हता. गवंड्याने इमानदारीने नकाशा पाळला. मामा डोळे मिटून निघाले ते थेट आंब्याला भिडले. खोडावर फुली मारून शांतपणे म्हणाले, “सायेब, रस्ता झाडापर्यंत झाला. आता वर चढायची सोय करा.”

वेबसाइटचंही तेच. तिकीट काढण्याआधी आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायला चित्रांतले सिग्नल ओळखायचे होते. मामांनी मोबाइल हातात घेतला, डोळे मिटले आणि आता मी माणूस कसा ठरणार, असं वेबसाइट बनवणाऱ्या मुंबईच्या पोरांना विचारलं. पोरं हसली. दुरुस्तीला तीन आठवडे गेले. मी वैतागून म्हणालो, “मामा, असे लोक येऊन येऊन येणार किती?” मामांनी खिशातला खडू काढला आणि ते पुन्हा फाटकाकडे गेले.

शेवटी एकदा ते डोळे मिटून फाटकातून निघाले आणि कुठेही न अडखळता टेबलाशी पोहोचले. चाचपून बटण दाबलं, अख्खं गाणं ऐकलं. “पास,” म्हणाले. “उद्घाटनाला मालतीला आणतो.”

मालती म्हणजे मामी. साखरेच्या आजारात त्यांची नजर गेली, हे मला तेव्हा कळलं. एका कचेरीच्या पायऱ्यांवर त्या पडल्या आणि रांगेतले लोक हसले, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मामींनी घर सोडलं नव्हतं. माहेर ठाकुरवाडीचं, गाण्याचा मोह होता. पण चारचौघांत कुणी धरून नेलेलं त्यांना नको होतं. तुझी तू चालत जाशील, असा शब्द मामांनी दिला होता.

उद्घाटनाच्या सकाळी मांडववाल्याने विचारलं, सोफे कुठे मांडू? मी बोट दाखवलं. पिवळ्या लाद्यांवर लाल गालिचा पडला, गालिच्यावर पाहुण्यांचे सोफे. लाद्या मला आठवल्या नाहीत, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. आठवल्या होत्या. पाहुणे मोठे होते.

साडेदहाला मामा आले. इस्त्रीचा शर्ट, शेजारी हिरव्या लुगड्यात मामी. मी फाटकालगतच हातात गुच्छ धरून उभा होतो. मामांनी हात सोडला. मामींनी चप्पल काढली आणि पाय पुढे करून लादी शोधली. गालिचा लागला. त्यांनी पाय डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, मग सोफ्याला ठेचकाळून थांबल्या. मागच्या खुर्चीतलं कुणीतरी हसलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी गुच्छ धरून जागच्या जागी उभा राहिलो. लाऊडस्पीकरवर पाहुणे घसा ताणून सांगत होते की या केंद्राची दारं सर्वांना उघडी आहेत. टाळ्या पडल्या, मागोमाग बँड सुरू झाला.

मामा मामींच्या कानाशी वाकले.

“आज बंद हाय गं. सुट्टी हाय.”

मामींनी चाचपडत चप्पल पायात घातली.

“हां,” त्या म्हणाल्या, “मला वाटलंच. किती शांत हाय.”