अक्कांचं पारणं

आमच्या गावात तपकिरी रंग कोणता, हे आमच्या दुकानातली कोळीण ठरवते.

बाकीच्या रंगांची सोय वेगळी आहे. लाल पोस्टाच्या पेटीकडे आहे, पिवळा हळदीच्या अडत्यांकडे, आणि निळा नगरपालिकेच्या पाण्याच्या टँकरकडे. तपकिरी मात्र कापड व्यापारी मंडळाने फार पूर्वी अक्कांकडे सोपवला. अक्का म्हणजे टॅरँटुला जातीची, आठ पायांची कोळीण, माझ्या पंजाएवढी, अंगभर दाट केस. दोशी मॅचिंग सेंटरच्या गल्ल्याशेजारी काचेच्या पेटीत त्या बसतात आणि स्वभावाने शांत आहेत. माझ्याबद्दल तसं कुणी म्हणत नाही.

काम सोपं असतं. कुणाला तपकिरी साडीवर ब्लाउजपीस हवा असला की गावातला कुठलाही दुकानदार तागा घेऊन आमच्याकडे येतो. पेटी दाराशी उजेडात आणायची, कापड काचेला लावायचं आणि बघायचं. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग आमच्यात धरत नाहीत. दुकानदाराने "जुळलं" म्हणायचं, गिऱ्हाइकाने मान डोलवायची, मग कापडाला कात्री लागते. कात्री लागली की त्या रंगावर कुणी शंका घ्यायची नाही, मंडळानेही नाही.

अडचण एकच होती, ती जेवणाची. आम्ही जैन. सासूबाई तर दिवा लावतानाही एखादं पाखरू येईल म्हणून जीव मुठीत धरतात, आणि अक्कांना लागतो जिवंत नाकतोडा. म्हणून अक्कांची खानावळ समोर, फॉल-पिको करणाऱ्या सगुणाताई ढेंबऱ्यांकडे. पेटी दुपारी तिकडे जाते. तिथे काय होतं ते आम्ही विचारत नाही. पेटी परत आली की सासूबाई एवढंच म्हणतात, "पोट भरलं का ग तिचं?"

ऐन लग्नसराईत एक दिवस सगुणाताई पेटी घेऊन लगेच परत आल्या.

"वैनी, अक्का जेवत न्हाईत. नाकतोडा पार डोक्यावरनं फिरतोय, पर ढुंकून बघत न्हाईत."

मी नीट बघितलं. अक्कांचा रंगही उतरला होता, धुवून धुवून विटलेल्या परकरासारखा. पोटावरचा केस गेलेला भाग काळवंडला होता. मी मंडळाला कळवलं. मंडळाने तूर्त 'तपकिरी, किंचित फिका' चालवून घ्यायचं ठरवलं.

सासूबाईंना मात्र आनंद झाला. "उपवास धरलाय तिने," त्या म्हणाल्या.

"आई, आजारी असतील त्या."

"तुला काय कळतंय, विद्युल! तू एक वेळ जेवून एका दिवसाचं एकासणं करतेस आणि चारदा घड्याळ बघतेस."

सासूबाईंनी तरुणपणी अठाई केली होती, आठ दिवस नुसत्या पाण्यावर. आता साखरेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांचे सगळे उपवास बंद केले आहेत, आणि ते त्यांना फार लागलंय. त्यामुळे अक्कांचा उपवास म्हणजे जणू घरातल्याच कुणाचा. रोज त्या दुकानात येऊन पेटीपाशी बसायच्या आणि उपवास करणाऱ्याला 'बरं वाटतंय ना' म्हणून आमच्यात विचारतात तसं विचारायच्या, "शाता आहे ना ग?"

पुढे एका दुपारी अक्का उताण्या पडल्या. आठही पाय वर. बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली आली, आणि मंडळाचे अध्यक्ष मनोहरशेठ भोंगळे हार घेऊनच आले. मी गुरांच्या डॉक्टरांना, घाडग्यांना फोन लावला.

"उताण्या आहेत ना? मग कात टाकतायत," डॉक्टर म्हणाले. "हार बाजूला ठेवा. हात लावू नका, ओढाओढ करू नका, हवेत ओलावा राहू द्या. मी येतो."

आम्ही मलमलचे तागे भिजवून दुकानभर टांगले. गिऱ्हाइकं कुजबुजत भाव करू लागली. भोंगळेशेठही हार मागे लपवून उभे राहिले.

अक्कांची पाठ उघडली, आणि त्या स्वतःमधून बाहेर यायला लागल्या. घट्ट झालेली बांगडी हातातून काढावी तसा एकेक पाय निघत होता. सहा निघाले. दोन अडकले. अक्का थांबायच्या, पुन्हा जोर लावायच्या. सातवा निघाला. आठवा निघालाच नाही, तो कातीतच तुटून राहिला. सासूबाई माझं मनगट धरून बसल्या होत्या. त्यांची नखं रुतत होती, पण मी हात काढून घेतला नाही.

शेवटी कात एका बाजूला आणि अक्का एका बाजूला झाल्या. कात तपकिरी होती. अक्का निळ्या झाल्या होत्या. स्वच्छ, फिकट निळ्या, अगदी पायाच्या टोकापर्यंत.

"अगं बया," सगुणाताई म्हणाल्या.

"हे तपकिरी नाही," भोंगळेशेठ म्हणाले, आणि हार घेऊन गेले.

सासूबाईंचं रंगाकडे लक्षच नव्हतं. एवढी तपश्चर्या पार पडली म्हणजे पारणं झालं पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात. चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी आलं. कापसाच्या बोळ्याने त्यांनी ते अक्कांपुढे धरलं. अक्का हलल्या नाहीत. सासूबाईंनी बोळा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सगुणा, ती जे खाते ते आण. इथंच आण. पाप मला लागू दे."

त्या असं म्हणतील हे मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सगुणाताईंनी हौसेने चांगला दांडगा नाकतोडा आणला. पण अक्कांचे सुळे अजून पांढरे होते, उकडलेल्या शेंगदाण्यासारखे मऊ. त्यांना काही करता येईना. नाकतोड्याला मात्र सगळं करता येत होतं. त्याने लाथा झाडल्या, आणि अक्कांच्या कोवळ्या पोटाला चावला. अक्का सात पायांनी फरफटत कोपऱ्यात गेल्या.

तेवढ्यात डॉक्टर आले आणि सगळ्यांवर ओरडले. "नुकती कात टाकलीय! सुळे पांढऱ्याचे लाल, लालाचे काळे होईपर्यंत अन्न द्यायचं नसतं. कुणी सांगितली होती घाई?"

सासूबाईंनी चांदीची वाटी पदराखाली घेतली.

जखम सुकली. सुळे लाल झाले, मग काळे झाले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आता न जेवायला शरीराचं काही कारण नाही, आणि पायही पुढच्या कातीला परत येईल. "पण अशाच उपाशी राहिल्या तर पुढची कात येणार नाही," ते म्हणाले.

अक्का जेवल्या नाहीत. पेटी दुपारी समोर जायची आणि तशीच परत यायची.

मग सासूबाईंनी अभिग्रह घेतला. ठरवलेली गोष्ट घडेपर्यंत अन्न घ्यायचं नाही, असा तो आमच्यातला नेम. "अक्काचं पारणं होईल त्या दिवशी माझं," त्या म्हणाल्या. "तोवर उकळलेलं पाणी."

"आई, तुमची साखर!"

"साखरेला सांग जाऊन."

मी भांडले, पाया पडले, आमच्या ह्यांना मध्ये घातलं. ते आईपुढे उभे राहिले आणि पाणी उकळायला ठेवून परत आले. सासूबाईंचे डॉक्टर म्हणाले, यांना आज ना उद्या चक्कर येईल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. मला रात्रंदिवस एकच दिसत होतं. अक्का जेवल्या नाहीत तर मी माझी सासू घालवून बसणार. उठता बसता टोमणे मारणारी, मला कधी धड 'छान' न म्हणणारी, पण मला हवी असलेली.

इकडे मंडळाचं काम थांबलं नव्हतं. रंगाचा अधिकार अक्कांकडेच असल्यामुळे दुकानदार रोज तागे घेऊन येत. कापड काचेला लावायचे, अक्कांकडे बघायचे, नाही म्हणून मान हलवायचे आणि जायचे. प्रत्येकाच्या मागे अक्का थोड्या आणखी कोपऱ्यात सरकत. शेवटी मंडळाने दुकानातच सभा घेतली. भोंगळेशेठ म्हणाले, "माझं म्हणणं असं, की तपकिरीचा कारभार कातीकडे द्यावा. कात तपकिरी आहे. आजारी पडत नाही. जेवण लागत नाही. फ्रेम करून भिंतीला लावली की झालं."

सगळ्यांना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. ठराव दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हायचा होता.

पेटीपाशी बसलेल्या सासूबाई तेव्हा बोलल्या. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. "भोंगळे, तुमचे सासरे गेले तर त्यांचा कोट सासरे म्हणून मिरवाल का? आणि ही जिवंत आहे. आमचे हे गेले तेव्हा माझाही रंग एका दिवसात बदलला. लाल, हिरवं, सगळं अंगावरून उतरवलं बायकांनी. येईल तो बघायचा आणि मान हलवायचा. मी महिनाभर नीट जेवले नाही. कुणी विचारलं होतं, का जेवत नाहीस म्हणून?"

मी या घरात येण्याआधीची ही गोष्ट. मला कुणी सांगितली नव्हती, आणि मीही कधी विचारली नव्हती. मला रडू आलं, आणि सभा चालू असल्यामुळे ते मी आवरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई दुकानात आल्या. रोजच्यासारख्या पेटीकडे गेल्या नाहीत, तर काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या जागी उभ्या राहिल्या. काउंटर दोन्ही हातांनी धरला होता.

"ब्लाउजपीस हवाय," त्या म्हणाल्या. "तपकिरी दाखव."

सासरे गेल्यापासून त्यांनी पांढऱ्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी सवयीने तपकिरी तागा काढला, पेटी उजेडात आणली, कापड काचेला लावलं.

"नाही जुळत," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं दाखव."

मी चॉकलेटी काढला, खाकी काढला, शेंगदाणी काढला. सगळ्यांना त्यांची एकच नकाराची मान. भोंगळेशेठ ठरावाच्या तयारीला आले होते, ते बाजूला उभे राहून बघत होते. मग माझी ट्यूब पेटली. एवढी वर्षं मी कापड अक्कांशी जुळवत आले, आणि आता आठवडाभर आम्ही सगळे अक्कांना कापडाशी जुळवत होतो. अशी उलटी मॅचिंग माझ्या दुकानात कुणा नवख्या मुलीने केली असती, तर मी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

मी शिडी लावली आणि वरच्या फळीवरून फिकट निळा तागा काढला. काचेला लावला. अक्का कुठे संपतात आणि कापड कुठे सुरू होतं ते कळेना.

"जुळलं," मी म्हणाले.

सासूबाईंनी मान डोलवली. मी कात्री लावली.

"विद्युलवहिनी, अहो, हे निळं आहे," भोंगळेशेठ म्हणाले.

"अध्यक्ष, कात्री लागलीय."

ते नियमाने चालणारे गृहस्थ आहेत. त्यांनी तुकडा हातात घेतला, उजेडात धरला, अक्कांकडे बघितलं. "टँकरचा निळा पुष्कळ गडद आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "हद्दीचा वाद येत नाही." मग पुन्हा एकदा अक्कांकडे बघून त्यांनीही मान डोलवली, आणि आपल्या दुकानातले फिकट निळे तागे मागवून घेतले. दुपारपर्यंत दुकानदारांची रांग लागली. एकेक जण कापड काचेला लावायचा, "जुळलं" म्हणायचा, मान डोलवायचा. अक्का कोपऱ्यातून निघाल्या. सात पायांवर, सावकाश, काचेपाशी येऊन बसल्या.

दुपारी पेटी समोर गेली. मी गल्ल्यावर बसले होते, पण कुणी काय दिलं आणि मी काय परत केलं, काही आठवत नाही. थोड्या वेळाने सगुणाताई रस्त्यावरूनच ओरडत आल्या, अनवाणी.

"जेवल्या! वैनी, जेवल्या! तंगडीसुदीक ठेवली न्हाई!"

आमच्या घरच्या नियमाने असा तपशील कुणी सांगत नाही. त्या दिवशी सासूबाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला. मग मी त्यांना मुगाचं पाणी दिलं. पहिला चमचा त्यांनी सगुणाताईंच्या हातून घेतला, दुसरा माझ्या. "मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. मी डोळे पुसले आणि मीठ आणायला गेले.

आता सगळं सुरळीत आहे. पूर्वी ज्याला तपकिरी म्हणायचे त्या रंगाला सध्या नाव नाही. मंडळ विचार करतंय. तोवर लोक माती, चहा, कात वगैरे नुसतं बोटाने दाखवतात, काही अडत नाही.

सगुणाताईंनी ब्लाउज शिवून दिला तेव्हा सासूबाईंनी तो दुकानातच आतल्या खोलीत घालून बघितला आणि बाहेर आल्या. "जास्तच उठून दिसतोय का ग?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उजेडात बघू. त्यांचा हात धरून मी त्यांना दारात आणलं. बाहेर ढगाचा एक ठिपका नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत आभाळ स्वच्छ तपकिरी होतं.