झेंडूचा हार आणि दहाचे टोले

"खंडेनवमीला बरोबर दहाच्या ठोक्याला दहा टोले पडतील. नाही पडले तर मिशी उतरवीन!" तळेगावच्या बाजारातल्या मनोऱ्याकडे बोट दाखवत ज्योतीरामांनी ट्रस्टच्या कुसुमताईंना ठणकावून सांगितलं.

मनोऱ्यातलं घड्याळ त्यांच्या वडिलांनी, चिमाजी आबांनी, मरेपर्यंत चालवलं. ते गेले आणि घड्याळही थांबलं. चाकणच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर ज्योतीराम वर्षभर त्याच्यापाशी खपले होते. आता टोले चुकले तर ट्रस्ट आतलं सगळं भंगारात काढून बॅटरीचं घड्याळ बसवणार होता. नुसत्या विचारानं त्यांना जेवण जाईना.

खंडेनवमी उजाडली. कंपनीत या दिवशी प्रत्येक मशिनला हार पडायचा, मग आबांच्या घड्याळाला नको? टोल्यांना अजून अवकाश होता. ज्योतीरामांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा घसघशीत हार चढवला, "आबा, लाज राखा," म्हणाले आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

दहा वाजले. खाली सगळे माना वर करून उभे.

टण! टण!

पुढे काहीच नाही.

"दोन वाजले?" कुसुमताईंनी मनगटाकडे पाहिलं. बॅटरीचं घड्याळ घेऊन आलेला बंटी खुदकन हसला.

"घातपात!" ज्योतीराम गरजले. "हाच वर गेला असणार!"

"काका, किल्ली तुमच्याच कमरेला हाय की!"

"मग कस्तुरा, तू गेलीस?"

"ह्या गुडघ्यानं?" बायको कडाडली. "माझ्यावर आळ घेता व्हय!"

ज्योतीराम धापा टाकत वर पोचले. टोले धावत सुटू नयेत म्हणून आत एक पंखा फिरतो. त्या पंख्यानं दोन टोल्यांतच अख्खा हार स्वतःभोवती गुंडाळून घेतला होता! कंपनीतली मशिनं पूजेच्या दिवशी बंद असायची. हे चालू होतं.

ते मटकन खाली बसले. "आबा, मीच गळा आवळला हो तुमच्या घड्याळाचा!" डोळे पुसत त्यांनी हार तोडून काढला. पंखा गरगरला आणि राहिलेले टोले पडू लागले.

"आता आठ?" खाली कुसुमताई गोंधळल्या.

"दोन आन् आठ, दहाच की ताई!" कस्तुरा म्हणाली.

शेवटचा टोला विरला तशी कुसुमताईंनी मान डोलावली. "चिमाजींच्या वेळी अस्साच घुमायचा. राहू दे हेच घड्याळ."

"पण ताई, दहाच्या ठोक्याला कुठं पडले?" बंटी पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी दसरा. ज्योतीराम घड्याळाला किल्ली द्यायला आले ते नाकाखाली रुमाल बांधून.