लोकर धरायची शिक्षा

बायको वारल्याची बातमी पसरली त्या सकाळी कुलूपवाल्याच्या दारात हिरव्या मफलरांची गर्दी झाली. सगळी तरणी पोरं. कोणाच्या कानात बाळी, कोणाच्या भुवईवर टाक्यांची खूण, आणि सगळी हमसून हमसून रडत होती. कुलूपवाल्याला वाटलं, यांचं घर चुकलं असेल. त्यानं सगळ्यात पुढच्याला विचारलं, "कोण पाहिजे?"

"मावशी," तो पोरगा म्हणाला. नाक पुसून त्यानंच उलट विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"नवरा."

"अच्छा," पोरगा म्हणाला. लांबचा कोणीतरी निघाला, अशा सुरात.

कुलूपवाला आत आला. मेहुणी भिंतीला टेकून बसली होती. "ही कोण पोरं?" त्यानं विचारलं.

"फुटबॉलची. ताई दर रविवारी मैदानावर जायची ना."

"ती उन्हात बसून विणायला जायची."

"हो. पण ऊन पूर्वेच्या स्टँडमध्ये यायचं, भाऊजी. आणि ही तिथलीच."

कुलूपवाल्यानं पुन्हा दारातून पाहिलं. प्रत्येक मफलरच्या टोकाला लाल लोकरीची एक ओळ होती. ही तिची खूण. काहीही विणलं की शेवटची ओळ लाल घालायची, म्हणजे दोरीवरच्या कपड्यांत आपलं आपल्याला ओळखू येतं. इतक्या लाल ओळी त्यानं घरात कधी पाहिल्या नव्हत्या. त्याचा स्वतःचा राखाडी स्वेटर तीन हिवाळे कपाटात सुयांवर अडकून पडला होता. डाव्या बाहीवाचून. कधीही विचारलं की ती म्हणायची, "होईल की. हात मोकळे झाले की घेते."

हात कशात गुंतले होते ते आज कळलं. त्याला रडायचं होतं, पण पोरांनी आधीच इतका गोंधळ घातला होता की रडण्यातही त्याचा नंबर मागे लागला. त्याचा त्याला राग आला. तो राग दिवसकार्य झाल्यावरही गेला नाही.

महिन्याभरानं क्लबचा सेक्रेटरी दुकानात आला. घामाघूम झालेला, किल्ल्या घासायच्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बसला.

"वहिनी गेल्या आणि पोरं सुटली बघा," तो म्हणाला. "मागच्या रविवारी बाटल्या फेकल्या. पाहुण्या संघाच्या बसवर थुंकले. लाइनमनच्या आईबद्दल जे बोलले ते मी इथे सांगू शकत नाही. आणि आमचा कर्णा दगड मारून पाडला. आता त्या बाजूला घोषणासुद्धा ऐकू जात नाही."

"आधी करत नव्हते?"

"वहिनी यायच्या आधी करायचे. पहिल्या दिवशी वहिनी शेजारी विणत बसल्या होत्या. एकानं रेफरीला शिवी दिली. त्या म्हणाल्या, हात पुढे. त्याला वाटलं, मारतायत. त्यांनी त्याच्या दोन्ही हातांवर लोकरीची लड चढवली आणि तिचा गोल गुंडा वळायला बसल्या. अख्खा स्टँड बघत होता. तेव्हापासून नियमच झाला. शिवी दिली, काही फेकलं, की लोकर धरायची. हात अडकल्यावर माणूस फेकणार काय?"

कुलूपवाला किल्ली घासत राहिला. घरी गुंडा करायचा असला की ती लड खुर्चीच्या पाठीला अडकवायची. त्याच्या हाताला नेहमी तेल असायचं. खुर्चीचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं.

"आता फुटबॉल संघटनेनं तंबी दिलीय," सेक्रेटरी म्हणाला. "या रविवारी निरीक्षक येतोय. पुन्हा काही झालं तर पूर्वेचा स्टँड बंद. तेव्हा मी म्हटलं, तुमच्याकडे दोन गोष्टी मागाव्यात. एक तर तुम्ही येऊन वहिनींच्या जागेवर बसा. पोरं ऐकतील. नाहीतर मग..."

"नाहीतर काय?"

"स्टँडच्या फाटकाला कुलूप बसवून द्या. बंद करायची वेळ आली तर तयार असावं."

"कुलूप बसवतो," कुलूपवाला म्हणाला.

"जरा विचार तर करा. तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं ना. म्हणून चांगलं बसवतो."

रविवारी सामन्याआधी येऊन त्यानं खरोखरच चांगलं बसवलं. ओढलं की आपोआप लागणारं, आतून काय नि बाहेरून काय, किल्लीशिवाय न उघडणारं. हत्यारांची पिशवी मात्र सेक्रेटरीनं काम संपताच उचलली. "पोरांच्या हाती पाना लागला तर पान्यानं मारतील. ऑफिसात ठेवतो. सामन्याआधी एक छोटा कार्यक्रम आहे, तेवढा थांबा." कुलूपवाल्यानं मान हलवली, पण ऐकलं नव्हतं. त्याची नजर जाळीतून आत गेली होती.

आत पोरं जमली होती. मधोमध पायरीवर एक जुनी उशी ठेवली होती. तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. उशीच्या शेजारी एक थोराड पोरगा उभा राहून घोषणा देत होता. त्याचा आवाज असा की कर्णा पडला याचं कोणाला दुःख नसावं. सगळे त्याला भोंगा म्हणत होते. भोंग्याच्या अंगात स्वेटर होता. राखाडी, मधून काळा ठिपका असलेला. ती लोकर कुलूपवाल्यानं स्वतः दुकानात उभं राहून निवडली होती. तिनं निळी घेऊ म्हटलं होतं, त्यानं हट्टानं राखाडी घेतली होती.

आणि त्या स्वेटरला दोन्ही बाह्या होत्या.

कुलूपवाला तडक आत शिरला. फाटक मागे आपटलं आणि खट्‌कन लागलं. आवाज ऐकून त्याच्यातल्या कारागिराला समाधान वाटलं. पिशवी ऑफिसात आहे आणि किल्ल्या पिशवीत आहेत, हे त्याला अजून आठवायचं होतं.

"काढ," तो भोंग्याला म्हणाला.

"काय काढू?"

"स्वेटर."

"आत काही नाहीये, काका."

"मी कोणाचा काका नाही."

"मावशीचे नवरे म्हणजे काकाच की," मागून कोणीतरी म्हणालं. "हेच ना ते, तेलवाले?"

"तेलवाले म्हणजे?"

"मावशी म्हणायच्या, आमच्या ह्यांच्या हाताला तेल असतं."

म्हणजे ती यांच्यासमोर आपल्याबद्दल बोलायची. आणि ही पोरं ऐकायची. कुलूपवाल्याची कानशिलं तापली. त्यानं भोंग्याच्या स्वेटरची बाही धरली आणि ओढली. भोंगा त्याच्यापेक्षा हातभर उंच, पण मावशीच्या माणसाला ढकलायचं कसं, म्हणून नुसताच ओढला जात होता. "काका, ताणेल," एवढंच तो म्हणत होता. "काका, मावशींची वस्तू आहे, ताणेल."

तेवढ्यात मैदानावर दोन्ही संघ मधल्या वर्तुळाभोवती उभे राहिले. पलीकडच्या कर्ण्यावर सेक्रेटरी बोलत होता, पण या बाजूचा कर्णा दगडानं गेलेला. पोरांनी खेळाडूंच्या माना खाली गेलेल्या पाहिल्या, दंडावरच्या काळ्या फिती पाहिल्या आणि काय ओळखायचं ते ओळखलं. सगळा स्टँड गप्प झाला. भोंगाही गप्प झाला, हात खाली सोडून उभा राहिला. सगळं मैदान इतकं शांत झालं की झेंड्याची फडफड ऐकू येत होती.

कुलूपवाल्याची मैदानाकडे पाठ होती. भोंगा एकाएकी ढिला पडला तेव्हा कुलूपवाल्याला वाटलं, पोरगा माघार घेतोय. त्यानं जोर करून बाही ओढली आणि तितक्याच जोरात भोंग्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यातल्या निदान तीन पिढ्यांचा उद्धार पलीकडच्या स्टँडमध्ये शब्दन्‌शब्द ऐकू गेला.

निरीक्षक तिथेच बसला होता.

कोणी हललं नाही. भोंगा खाली वाकला आणि कुजबुजला, "काका, मावशींसाठी उभे आहेत सगळे. शांतता पाळतायत."

कुलूपवाल्यानं वळून पाहिलं. बावीस खेळाडू, रेफरी, आईवरून शिव्या खाल्लेला तो लाइनमन, सगळे डोकं वर करून त्याच्याचकडे बघत होते. त्याच्या हातातून बाही सुटली. निरीक्षक शिपायाला घेऊन मैदानाच्या कडेनं तरातरा येताना दिसला. त्यानं फाटक ओढलं. फाटक हललंसुद्धा नाही.

"हे कोणी लावलं?" निरीक्षक ओरडला.

"मी," कुलूपवाला म्हणाला.

"मग उघडा."

"किल्ली ऑफिसात आहे."

"दुसरं काही करता येत नाही?"

"या कुलपाला नाही," कुलूपवाला म्हणाला. एवढ्या सगळ्यातही त्याचा आवाज जरासा ताठ झाला. शिपाई किल्लीसाठी पळाला.

इकडे भोंग्यानं उशीखालची कापडी पिशवी ओढली. ती तिथेच होती, जशी तिनं ठेवली होती तशी. पोरांनी बाटल्या फेकल्या, कर्णा पाडला, पण त्या पिशवीला हात लावला नव्हता. तिच्या जागेवर बसून दुसऱ्याला हात पुढे म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. भोंग्यानं हिरव्या लोकरीची लड काढली आणि कुलूपवाल्यासमोर उभा राहिला.

"हात पुढे," तो म्हणाला.

"मी?"

"शिवी कोणी दिली?"

अख्खा स्टँड बघत होता. कुलूपवाला पायरीवर बसला आणि त्यानं हात पुढे केले. हाताला तेल होतं. भोंग्यानं आपल्या मफलरनं ते पुसलं, लड चढवली आणि समोर बसून गुंडा करायला लागला. सराईत हात होता.

"तुला कोणी शिकवलं?"

"सगळ्यात जास्त वेळा लोकर मीच धरलीय. धरून धरून समजतं."

कुलूपवाल्यानं धागा सुटावा म्हणून हात जरा कलते केले. मग म्हणाला, "तो स्वेटर माझ्या लोकरीचा आहे."

"माहितेय ना. मापाला तुम्ही उभे राहत नव्हता. मावशी म्हणाल्या, तुझे खांदे आमच्या ह्यांच्यासारखे आहेत, तू उभा राहा." भोंग्यानं हात लांब करून दाखवला. एक बाही मनगटापर्यंत होती, दुसरी बोटांच्या पेरापर्यंत लोंबत होती. "हा चुकला, म्हणून मला दिला. मग तुमचा नवीन घातला. तुमचा नीट व्हावा म्हणून सगळ्या चुका माझ्यावर केल्यात."

कुलूपवाल्यानं लोंबणाऱ्या बाहीकडे नीट पाहिलं. तिच्या टोकाला लाल ओळ नव्हती. चुकलेल्या विणकामाला ती आपली खूण घालत नसे. त्याचे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता. भोंग्यानं दुसरीकडे बघितलं आणि गुंडा करत राहिला.

तोपर्यंत पाहुण्यांनी गोल केला होता. कोणीही काही फेकलं नाही. सगळे गुंड्याकडे बघत होते. किल्ली आली, फाटक उघडलं, तेव्हा निरीक्षकाला दिसलं ते एवढंच: दंगेखोर म्हणून नावाजलेला स्टँड चिडीचूप बसलाय आणि एक म्हातारा हात पुढे करून शिक्षा भोगतोय.

निरीक्षकानं जाताना निकाल दिला. "पोरांबद्दल माझी काही तक्रार नाही. या गृहस्थांना मात्र एकटं सोडू नका. यांना आवरायची जबाबदारी पोरांची. दर सामन्याला यांच्यावर नजर ठेवा."

पोरं ही जबाबदारी फार मनावर घेतात. दर रविवारी दोघं जण दुकानातून कुलूपवाल्याला घेऊन जातात आणि उशीशेजारी बसवतात. पूर्वेच्या स्टँडमध्ये आता बहुतेक शिव्या तोच देतो. त्यातल्या काहींना काहीच कारण नसतं, असं भोंग्याचं मत आहे. पण नियम म्हणजे नियम, म्हणून लोकर चढवली जाते. मध्येच दुसऱ्या कोणी शिवी देऊन हात पुढे केले, तर कुलूपवाला त्याच्याकडे असा बघतो की तो हात मागे घेतो.

भोंग्यानं दोनदा विचारलं, "काका, तुमच्या स्वेटरची राहिलेली बाही विणून देऊ का? टाके मावशींसारखेच घालीन."

कुलूपवाला दोन्ही वेळा नको म्हणाला. स्वेटर कपाटात सुयांवर आहे. डावी बाही अजून व्हायची आहे.