राजपुत्राच्या पक्षातली आत्या

आमच्या शांताआत्यानं नारायणगडावर जाऊन नवस बोलला होता, तो टीव्हीतल्या एका राजपुत्राला गादी मिळावी म्हणून. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं "नातू का तुमचा?" असं विचारलं, तेव्हा "तसंच समजा" म्हणून तिनं वेळ मारून नेली.

मी गेवराईला कॉलेजात शिकवते आणि आत्याच्या दोन खोल्यांत तिच्याबरोबर राहते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. संध्याकाळी आम्ही दोघी ती डब केलेली मालिका बघायचो. उडणारे घोडे, चेटकिणी, बर्फाचे किल्ले. म्हातारा राजा मरताना थोरल्या लेकीला, मेघमालेला गादी देतो आणि धाकटा विक्रांत म्हणतो, मुलगा मी आहे. अख्खी गल्ली मेघमालेकडून होती. आत्या एकटी विक्रांतकडून.

एकटी असली तरी ती कुणाला ऐकणारी नव्हती. शेजारच्या मंदाकाकू "पोरीचा हक्क हाय" एवढंच म्हणाल्या, तर आत्यानं त्यांना विरजण देणं बंद केलं. विक्रांतनं एक गाव जाळलं त्या दिवशी मला वाटलं, आता तरी ही बाजू बदलेल. "प्रधानानं कान भरले त्याचे," ती म्हणाली. "मनानं लई गरीब हाय लेकरू." मेघमालेनं मात्र दरबारात नुसता आवाज चढवला तरी आत्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "बघ कशी वरडती! कावून एवढी हाव? भाऊ हाय त्यो!"

"भाऊ हाय त्यो" हे तिचं शेवटचं उत्तर. वर्गात ज्या आवेशात मी स्त्रीवाद शिकवते, त्याच आवेशात तिला समजवायला जायचे. "लई शिकलीस," म्हणत ती माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढायची. तसं बघितलं तर मीही काही न्यायाधीश नव्हते. मेघमालेनं शत्रूची गलबतं माणसांसकट बुडवली, तेव्हा तिचा नाइलाज होता हे मी आत्याला तासभर पटवत बसले होते.

पण मला तिची चीड यायची, कारण हे कुठून येतं ते मला ठाऊक होतं. आजोबा गेल्यावर आत्यानं तलवाड्याच्या जमिनीवरचा हक्क सोडला. आमच्याकडे बहिणी सोडतातच. मागणारीचं माहेर तुटतं, सोडणारीला साडीचोळी मिळते आणि माहेर राहतं, असं म्हणतात. वडील आता पुढारी झालेत. तहसीलात त्यांची कामं असतात, गाडी आत्याच्या दारावरून जाते. थांबत नाही. भाऊबीजेची साडी ड्रायव्हर आणून देतो. आत्या त्याला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवते, चहा-चिवडा देते आणि गल्लीत सांगते, "आमच्या बापूला लई कामं हायत." विक्रांत लबाड ठरला तर बापूचं काय, हे स्वतःला विचारावं लागू नये म्हणून ती गल्लीशी भांडत होती.

शेवटच्या भागात मेघमाला लढाईला विटली. एकटीच भावाच्या तंबूत गेली आणि मुकुट त्याच्यापुढे धरला. घे, म्हणाली, मला गादी नको, भाऊ हवा. विक्रांतनं मुकुट घेतला, डोक्यावर ठेवला आणि सैन्यापुढे निघून गेला. नगारे वाजले. ती तंबूत तशीच उभी राहिली.

"जिंकलीस बाई," मी आत्याला म्हटलं.

जाहिराती सुरू झाल्या तरी आत्या पडद्याकडेच बघत होती.

"एकदा तरी न्हाई म्हणायचं व्हतं त्यानं," ती म्हणाली.

"विक्रांतनं?"

"सही करायला गेलतो आमी. मी पेन हातात घेऊन जराशी थांबले. वाटलं, बापू म्हणंल, राहू दे आक्का. मी केलीच आसती सही. त्याच्यावर रागावून केली आसती. पर त्यानं म्हणायचं व्हतं."

"मग काय म्हणाले वडील?"

"म्हणला, आक्का, उरक लवकर, सायब जेवायला जातेल."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. माझेच वडील, आणि त्याच जमिनीवर माझं शिक्षण झालेलं. मी मोबाईल उचलून त्यांना फोन लावला. पलीकडे रिंग वाजायला लागली तसा आत्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि बंद केला.

"सांगितल्यावर यील त्यो," ती म्हणाली. "तसा आलेला नगं मला."