रोज दुपारी चोरीला जाणारा सायलेन्सर

"माझ्यासारखा माणूस पोलीस खात्यात नाही, हे भोपाळच्या चोरांचं नशीब," असं भालचंद्रदादा स्वतःबद्दल सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत. "माणसाच्या चपलेकडे पाहून मी त्याच्या घरची भाजी ओळखतो. नजर घारीची, स्मरण हत्तीचं, आणि नाक..." नाकाला साजेसा प्राणी त्यांना अजून सापडला नव्हता. नोकरीत ते कारखान्याच्या गेटपास विभागात हेडक्लार्क होते. तिथे एकदा डब्यातून पितळी नट पळवणारा इसम त्यांनी पकडला होता. तो नट पुढे लोणच्यातली कोय निघाला, पण पकडण्यात कुठे कसर नव्हती असं दादा आजही म्हणत.

दत्तात्रयला हे सगळं ऐकून घ्यावं लागे, कारण दादा त्याच्या बायकोचे, प्रमिलाचे थोरले भाऊ. बाकीच्यांची सासुरवाडी नागपूरला होती. दत्तात्रयची कारखान्याच्या पिपलानी टाउनशिपातच दोन क्वार्टर सोडून राहायची आणि रोज चहाला यायची.

त्यात या खेपेला केस दत्तात्रयचीच होती, त्यामुळे साहाय्यक म्हणूनही तोच सापडला.

झालं असं, की त्याच्या मोटरसायकलचा जुना सायलेन्सर गंजून गळून पडला. रविवारी तो करोंदला मंडीजवळच्या गॅरेजात गेला आणि नवा निवडायला बसला. मुलगी पाहताना त्याने एवढी चिकित्सा केली नव्हती. एकामागून एक सायलेन्सर लावून ऐकले. एक नुसता फटफट करी, एक खोकल्याची उबळ आल्यासारखा, आणि एक इतका सभ्य की गाडी चालू आहे का ते हात लावून पाहावं लागे.

"साहब, ये वाला लगवा लो," मिस्त्री म्हणाला. "पूरा मोहल्ला जाग जाएगा."

"मोहल्ला नहीं चाहिए," दत्तात्रय म्हणाला. "सिर्फ घरवाली को पता चले."

पिपलानीच्या क्वार्टरांत तशी रीतच होती. पहिली पाळी सुटली की घरोघरी बायका कान देऊन असत. आपल्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की तव्यावर पोळी पडे, आणि नवरा पायरी चढेपर्यंत फुगे. शेवटी दत्तात्रयला हवा तो आवाज मिळाला. भरदार, संथ, दोन ठोक्यांच्या मध्ये 'राम' म्हणायला जागा ठेवणारा. करोंदहून तो छाती काढून घरी आला.

सोमवारी सकाळीही आवाज झकास होता. मागे सुधाकर बसला होता. सुधाकर शेजारच्या क्वार्टरमधला, कामालाही शेजारीच. दोघं हॅमर शॉपमध्ये, जिथे तापल्या लोखंडावर दिवसभर यंत्राचे घण पडतात. दोघांची लग्नं व्हायच्या आधीपासून ती मागची सीट सुधाकरची होती.

दुपारी पाळी सुटली, कारखान्याच्या गाडी-स्टँडवर दत्तात्रयने किक मारली, आणि आवाज गेलेला. म्हणजे होता, पण पलीकडच्या गल्लीत दुसरंच कोणी गाडी चालवत असल्यासारखा. मंगळवारी सकाळी परत भरदार, दुपारी परत गायब. आठवडाभर हेच. रविवारी मात्र आवाज दिवसभर जागेवर.

"सोमवारपासून कारखान्यात नवीन काय?" दादांनी विचारलं.

"काही नाही. डॉक्टरांनी सगळ्यांचे कान तपासले, हातमोजे नवे दिले, कँटीनचा समोसा लहान झाला."

"समोसा," दादा म्हणाले. "हे लक्षात ठेवा." मग डोळे मिटून म्हणाले, "साकेत नगरला मोठं इस्पितळ आहे. तुमच्या आवाजाने झोपमोड झालेला एखादा रोगी..."

"दादा, मी साकेत नगरवरून जातच नाही."

"म्हणूनच त्याच्यावर कोणी संशय घेणार नाही."

पण दुसऱ्या चहानंतर त्यांनी रोगी सोडून दिला. "दत्तोपंत, हा चोर पाळीच्या वेळात सायलेन्सर बदलतो, रात्रीतून परत आणून लावतो, आणि रविवारी सुट्टी घेतो. म्हणजे कायम नोकरीतला माणूस. त्याला स्टँडही मोकळं आणि तुमचं अंगणही मोकळं. कोण?"

दत्तात्रयला एकच नाव सुचलं, आणि सुचल्याची लाज वाटली. "सुधाकर तसा नाही हो."

"तसा नसलेलाच निघतो. उद्या स्टँडवर विचारा. आवाज चढवायचा नाही. गुन्हेगार ओरडण्याला सरावलेला असतो. हळू बोला आणि चेहरा बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दत्तात्रय अगदी हळू म्हणाला, "सुधाकर, माझा सायलेन्सर तूच बदलतोस ना?"

सुधाकर प्रसन्न हसला आणि त्याने मान डोलावली.

"इतक्या वर्षांची दोस्ती, आणि तू असं करावंस?"

सुधाकरने पुन्हा मान डोलावली आणि मागे बसायला पाय उचलला. दत्तात्रयने गाडी पुढे काढली. पाय हवेतच राहिला.

त्यानंतर सुधाकर कारखान्याच्या बसने जाऊ लागला. मागची सीट रिकामी असली की गाडी खड्ड्यात जास्त उडते, हे दत्तात्रयला नव्याने कळलं. त्याला फार वाईट वाटत होतं. सायलेन्सर गेला तर करोंदला दुसरा मिळतो, सुधाकर काही करोंदला मिळत नाही. आणि एवढं करून आवाज दुपारी जायचा तो जातच होता.

"हाताखाली माणसं ठेवलीत त्याने," दादा म्हणाले, आणि रजा टाकून अंगणातल्या पपईमागे डोक्यावर टॉवेल घेऊन उभे राहिले. दुपारी दत्तात्रय आला. गाडी चालूच ठेवून त्याने विचारलं, "ऐका दादा. गेलाय ना आवाज?"

दादांनी ऐकलं. "भरदार आहे."

"काय म्हणालात?"

"भरदार आहे म्हटलं."

"मला तर ऐकू येत नाहीये."

दादांनी विचार केला. "म्हणजे हा चोर आवाज फक्त मालकापुरता चोरतो. पोचलेला माणूस आहे."

तेवढ्यात प्रमिला उलथनं घेऊन बाहेर आली. "अहो, कधीची हाका मारतेय. पोळी करपली की." ती जवळ आली, त्याच्या कानाकडे तिने नीट पाहिलं, आणि चिमटीने आधी उजव्या, मग डाव्या कानातला कापसाचा बोळा ओढून काढला. गाडी अशी कडाडली की दत्तात्रय सीटवरून अर्धा उठला.

"डॉक्टरांनी घालायला सांगितलाय," तो हळूच म्हणाला. "शॉपमध्ये शिरताना घालतो. घरी मोरीवर तोंड धुताना निघतो."

"इतक्या दिवसांत एक तरी पोळी गार खाल्लीत का? आवाज गेला असता तर तवा काय मनानेच तापला असता?"

"मी याच दिशेने येत होतो," दादा टॉवेल झटकत म्हणाले. "समोसा मी कधीच वगळला होता."

दत्तात्रय तसाच शेजारी गेला. सुधाकर बसमधून उतरून पायरीवर चप्पल काढत होता. दत्तात्रयने सगळं सांगितलं, हात जोडले. सुधाकर प्रसन्न हसला आणि त्याने मान डोलावली. दत्तात्रयचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्याला सुधाकरच्या कानातला कापूस दिसला. दत्तात्रयने तो आपल्या हाताने काढला.

"हां, बोल," सुधाकर म्हणाला. "आणि त्या दिवशी सोडून का गेलास? मला वाटलं टायर बसलंय, हवा भरलीस की बोलावशील."

म्हणजे त्याला काहीच ठाऊक नव्हतं. कुंपणापलीकडून दादा तोंडावर बोट ठेवून खुणा करत होते. दत्तात्रयला गप्प बसता आलं असतं. पण त्याला ते जमलं नाही. त्याने सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी उघड्या कानांना.

सुधाकरचं हसू गेलं. "चोर? मी?" त्याने दत्तात्रयच्या हातातला कापूस घेतला, परत कानात घातला आणि दार लावलं. त्या दिवशी दत्तात्रयने पोळी गारच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी सुधाकरच्या फाटकासमोर चालू करून ठेवली. बस आली आणि गेली. मग सुधाकर बाहेर आला, हातात डबा, कानात घरूनच घातलेला कापूस. तो मागे बसला, आणि गाडी नेहमीइतकी खाली दबली.

कोपऱ्यावर त्याने दत्तात्रयच्या पाठीवर टकटक केलं.

"दत्ता," तो म्हणाला, "आवाज बारीक वाटतोय रे. सायलेन्सर कुणी बदलला का बघ."