ऋता मॅडमसमोर उज्जैनचं जनमत

मी एकदा बोलायला उभा राहिलो की समोरच्याची काय बिशाद, हे आमच्या साऱ्या फ्रीगंज मोहल्ल्याला ठाऊक आहे. मराठी मंडळाचा मी माजी सचिव. तेव्हा मुंबईच्या फंडाच्या कोणी ऋता मॅडम उज्जैनला लोकांचं मत ऐकायला येताहेत असं कळलं, तसं मी जाहीरच करून टाकलं, "सभा माझ्या घरी. बाईंना असं सुनावतो की फंडाचं नाव काढायच्या नाहीत."

भानगड अशी होती. 'क्षिप्राई मसाले' ही आमच्या इथली जुनी कंपनी. मालकाच्या मुलाने, विक्रांतने, ती मुंबईच्या एका प्रायव्हेट इक्विटी फंडाला विकली. आता मसाले भाजायचं काम उज्जैनहून हलवून इंदूरजवळच्या पिथमपूरला मशीनवर न्यायचं चाललं होतं. इथल्या भाजणी खात्यात सगळ्या बायाच, आणि त्यांची मुख्य आमची जयू. म्हणजे माझी बायको. मिरची किती भाजली गेली हे ती शेजारणीच्या खोकल्यावरून सांगते. हे काम गेलं तर या वयात दुसरं कोण देणार? बाकीच्या बायाही तिच्याच तोंडाकडे बघून होत्या.

"हे फंडवाले करतात तरी काय, भिया?" विलासने राम घाटावर फिरताना विचारलं. विलास माझा शेजारी. त्याला राग आधी येतो आणि कारण मागून कळतं.

"सोपं आहे. दुसऱ्याचं नांदतं घर घ्यायचं, रंग मारायचा, दोन खोल्या बंद करायच्या आणि तिसऱ्याला विकून मोकळं व्हायचं."

"पण पगार टायमावर देतात म्हणे."

"देतात ना. ज्यांना ठेवतात त्यांना."

विलास भडकला. "अपन सोडायचं नाही. मी तर उभा राहून बोलणार!"

गावात मतं पुष्कळ होती. कोणी म्हणे लुटारू आहेत, कोणी म्हणे विक्रांतने तरी कोणते दिवे लावले होते. पण बाईंना झापायचं, यावर मात्र एकमत होतं.

रविवारी हॉल भरला. जयू हळूच म्हणाली, "अहो, आवाज चढवू नका. भाजणी इथेच राहू द्या, एवढंच सांगा."

"तू टेन्शन नको घेऊस," मी म्हटलं.

ऋता मॅडम आल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "नमस्कार काका." इथेच आमचा पाय घसरला. भांडणाची सगळी तयारी आम्ही हिंदीत केली होती. शिवाय आम्हा इथल्या मराठी लोकांची एक खोड आहे. समोर मराठी माणूस आला की आधी त्याचं गाव आणि आजोळ विचारायचं, काम मागाहून. विलास तावातावाने उठला आणि म्हणाला, "मॅडम, पहिले हे सांगा, तुम्ही कुठल्या?"

"मी पुण्याची. आई देवासची. शर्वरी पोतनीस."

जयूने हातातला ट्रे तिथेच टेकवला. "शर्वरीची तू? अगं, मी तिची चुलतबहीण जयू! पाळण्यात होतीस तेव्हा न्हाऊ घातलंय तुला. मग तुम्ही पुण्याला गेलात आणि गाठच पडली नाही."

"जयूमावशी?" मॅडम उठल्या आणि पाया पडल्या.

झालं. पोहे आले, जलेबी आली. विलासने तिला रात्री जेवायचं आमंत्रण दिलं आणि आपल्या मुलाला फंडात कुठे चिकटवता येईल का, तेही विचारून घेतलं. एका काकूंनी लग्नाचं काय म्हणून चौकशी केली.

शेवटी विषय ऋतानेच काढला. बिचारी कामाला आली होती. "भाजणी पिथमपूरला नेली तर तुमची हरकत आहे का? असेल तर मोकळेपणाने सांगा. अजून काही ठरलेलं नाही. मी जे लिहून देईन तेच होईल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी घसा साफ केला. भाषण तोंडपाठ होतं. पण समोर बायकोची भाची, तिच्या हातात आमच्याच घरची बशी. माहेरच्या माणसाला घरी बोलावून कोण सुनावतं?

"तू आपलीच आहेस," मी म्हणालो. "तुला योग्य वाटेल ते कर."

"बिल्कुल," विलास म्हणाला. "घरची पोर थोडंच वाईट करणार?"

साऱ्या माना डोलल्या. जयू पुढे सरकली. "अगं ऋता, पण त्या बाया..."

"आधी तिला अजून पोहे वाढ," मी म्हटलं. "पोर दमून आलीय."

जयूने माझ्याकडे पाहिलं. मग पोहे वाढले.

"बाकी गावांत लोक अंगावर येतात," ऋता म्हणाली. "इथली माणसं किती समजूतदार आहेत." आणि तिने तसं लॅपटॉपवर लिहूनही टाकलं.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा आली. इतर बायांना कामावरून कमी केल्याच्या नोटिसा कुरियरने गेल्या होत्या. मावशीला अशी कशी पाठवायची, म्हणून ही स्वतः घेऊन आली, सोबत पुण्याची आंबाबर्फी. लिफाफा देताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"मावशी, सगळ्यांनीच हो म्हटलं, म्हणून..."

जयूने नोटीस वाचली, घडी घातली आणि ओट्यावर ठेवली. ऋता निघताना वाकून तिच्या पाया पडली.

जयूचा हात सवयीने तिच्या डोक्यावर गेला. "यशस्वी हो," ती म्हणाली.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अहो, ऑटोपर्यंत सोडून या तिला."

गेलो. बॅगसुद्धा मीच उचलली.