रणदिवेबाईंचे बारा लाडू

शिरोळी गावात विस्तव न लावता वळलेला लाडू दुसऱ्या दिवशी सकाळपासून श्वास घेऊ लागतो, म्हणून त्याची नगरपरिषदेत नोंद करावी लागते. खाल्ल्यावर तीन दिवसांत नाव कमी करून घ्यायचं असतं. भाजलेल्या-तळलेल्या पदार्थांना हा नियम नाही. ते मेलेलेच असतात.

प्रमिला रणदिवे यांनी असे लाडू पूर्वी कधी केले नव्हते. पण त्यांचे यजमान अरविंद, हायस्कुलातले निवृत्त व्यायामशिक्षक, पोटाच्या ऑपरेशननंतर उठेचनात. जखम भरली, ताकद परतली नाही. फोडणीचा वास आला तरी त्यांना उमळून यायचं. डॉक्टर म्हणाले, "बिनविस्तवाचे लाडू द्या, रोज दोन. जिवंत असतात, लगेच अंगी लागतात."

बाईंनी खजुराच्या बिया काढल्या, अंजिरं चिरली, बदाम, सुकं खोबरं आणि जवस मिक्सरमधून भरड फिरवले आणि सगळं हातानं मळलं. गॅस त्यांनी सिलिंडरपासूनच बंद केला होता. बारा लाडू झाले. सकाळी डबा उघडला तेव्हा बाराही जण हळूहळू फुगत होते, बसत होते.

नोंद करायला नगरपरिषदेचे वाघचौरे रजिस्टर घेऊन घरी आले.

"नावं सांगा, बाई."

"नावं कशाला? खायचेत ते."

"नावच नसेल तर कमी काय करणार?"

तेव्हा पलंगावरून सरांनीच नावं सांगितली. जिल्ह्यात पहिल्या आलेल्या त्यांच्या कबड्डीच्या संघातली बारा मुलं, पाटणकरपासून शेलारपर्यंत, त्यांना आडनावांनी पाठ होती. वाघचौऱ्यांनी ती ओळीनं लिहून घेतली.

त्या दुपारी सरांनी पाटणकर खाल्ला. संध्याकाळी ते भिंत न धरता दारापर्यंत चालले, उंबऱ्यावर उभं राहून समोरच्या बिऱ्हाडाला हाक मारली. बाईंनी पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी ताटली दूर सारली.

"काल मी पाटणकरला चावलं, तेव्हा बाकीच्यांनी श्वास धरून ठेवला होता," ते म्हणाले. "मी बघत होतो."

"अहो, लाडू आहेत ते."

"लाडूच आहेत. मी कुठे नाही म्हणतो?"

"मग तव्यावर टाकते. मुकाट्यानं खा."

"भाजलेस तर मेलेलं खाऊन मला काय मिळणार, प्रमिला?"

सरांनी डबा उशाशी मागून घेतला. रोज सकाळी ते अकरा जणांकडून श्वासाचा व्यायाम करून घेऊ लागले. "घ्या... थांबा... सोडा." सरांचा आवाज दिवसेंदिवस खोल गेला. लाडू मात्र चांगले घट्ट झाले, त्यांना तकाकी आली.

सहाव्या दिवशी बाईंनी न राहवून शेलारला कोमट दुधात कुस्करलं आणि पेला सरांच्या तोंडाशी नेला. सरांनी आधी डब्यात पाहिलं.

"शेलार कुठाय?"

बाईंनी पेला खाली ठेवला.

"परत वळ त्याला."

"तुम्ही मराल हो."

"वळ आधी."

बाईंनी दूध गाळलं, गाळ पिळून पुन्हा लाडू वळला. सकाळी तोही श्वास घ्यायला लागला, थोडा वाकडा. सर त्याच्याकडे बघून हसले. आणखी तीन दिवसांनी, भर दुपारी, व्यायाम चालू असताना "थांबा" म्हणून झाल्यावर ते गेले. पुढचा शब्द यायला बराच उशीर झाला, तेव्हा अकराही जणांनी आपापला श्वास सोडला.

माणसं आली, गेली. तीन दिवस बाईंनी चूळ भरण्यापलीकडे तोंडात पाणी घेतलं नाही. चौथ्या सकाळी वाघचौरे आले. त्यांनी सरांच्या फोटोला हात जोडले आणि रजिस्टर उघडलं.

"बाई, सरांचं नाव कमी झालं. पाटणकरचं राहिलंय, आणि हे अकरा आता तुमच्यावर अवलंबून. ठेवायचे असतील तर इथे सही करा. शांत असतात, त्रास नसतो त्यांचा."

बाईंनी डबा मांडीवर घेतला. अकराही लाडू एका लयीत फुगत होते, बसत होते, सरांनी शिकवलं होतं तसेच. मग बाईंनी पहिला उचलून तोंडात घातला.

त्यांनी घाई केली नाही. प्रत्येक लाडू नीट चावून खाल्ला. वाघचौरे घड्याळ बघून एकेका नावापुढे वेळ टाकत गेले. एकदा त्यांनी पाणी आणून दिलं, ते बाईंनी घेतलं.

"पुढे कारणाचा रकाना आहे, बाई. काय लिहू?"

"भूक."

"कोणाची, तेही लिहावं लागतं."

"माझी," बाई म्हणाल्या.

वाघचौऱ्यांनी तसं लिहिलं आणि सही घेतली. बाई उठल्या. त्यांच्या गालांवर रंग चढला होता. सरांचा लोखंडी पलंग खोलीत ठेवायला चार माणसं लागली होती. तो त्यांनी एकटीनं उचलला, दारातून आडवा काढला आणि अंगणात उन्हात नेऊन ठेवला.